आंतरजालावरील जिवंत नाट्यप्रयोग आणि प्रेक्षक-कलावंत सान्निध्य : पुण्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील नाट्यगृहे बंद झाली. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिर आणि भरत नाट्य मंदिर यांचे पडदे पडले. पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव २०२० व २०२१ च्या डिसेंबरात होऊ शकला नाही. तो २०२२ मध्ये पुन्हा भरला. मधल्या काळात अनेक कलावंतांनी संगणकाच्या पडद्याचा आश्रय घेतला. एकाच छताखाली न बसता प्रेक्षक व कलावंत यांच्यात जवळीक निर्माण होऊ शकते काय, हा प्रश्न त्यातून पुढे आला. साथ ओसरली, तरी प्रश्न ओसरलेला नाही.

जवळिकीची संकल्पना

नाट्यप्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखावे, याचा विचार भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातील 'सिद्धी'विषयक अध्यायात आढळतो. तेथे दैवी व मानुषी असे सिद्धीचे दोन प्रकार सांगितले असून, मानुषी सिद्धीचे वाङ्मयी व शारीरी असे भेद केले आहेत. स्मित, हास्य, 'साधु'सारखे उद्गार, अंगावर उठणारे रोमांच, आसनावरून उठणे ही तिची लक्षणे होत. म्हणजे प्रेक्षकाचा प्रतिसाद हा प्रयोगाबाहेरचा नसून त्याच्या सिद्धीचेच माप आहे. संगीत नाटकातील 'वन्स मोअर' आणि मैफलीतील 'वाहवा' ही त्याच परंपरेची रूपे मानता येतील.

याउलट, डोनाल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये नभोवाणी व दूरचित्रवाणीच्या संदर्भात एकतर्फी जवळिकीची कल्पना मांडली. श्रोत्यास निवेदक आपला स्नेही वाटतो. निवेदकास मात्र त्या श्रोत्याचे अस्तित्वही ठाऊक नसते. आंतरजालावरील प्रयोग या दोन टोकांच्या मध्ये कोठे उभा राहतो, हा येथील कळीचा मुद्दा आहे.

'नेटक' : मराठीतील एक प्रयत्न

हृषीकेश जोशी यांनी जुलै २०२० मध्ये 'नेटक' या नावाने 'मोगरा' हे नाटक आंतरजालावर जिवंत सादर केले. अभिनेत्री आपापल्या घरांतून काम करीत होत्या आणि प्रेक्षक ठरलेल्या वेळी तिकीट काढून पाहत होते. ध्वनिचित्रमुद्रण कधीही पाहता येते. येथे वेळ पाळणे आवश्यक होते. चुकण्याचा संभव कलावंतापुढे होता आणि तो प्रेक्षकालाही ठाऊक होता. 'हे आत्ता घडत आहे' ही जाणीव जवळिकीचा पहिला आधार ठरते.

परंतु समकालिकता पुरेशी नाही. प्रतिध्वनी व गोंगाट टाळण्यासाठी अशा कार्यक्रमांत प्रेक्षकांचे ध्वनिक्षेपक सहसा बंद ठेवले जातात. त्यामुळे विनोदी वाक्यानंतर नटाला हशा ऐकू येत नाही व किती थांबावे हे कळत नाही. तसेच शेजारचा हसला म्हणून आपणही हसणे, हा प्रेक्षागृहातील परस्परसंसर्ग नाहीसा होतो.

विलंबाची अडचण

संगीतात ही अडचण अधिक तीव्र होते. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दहा मीटर अंतरास त्याला सुमारे २९ सहस्रांश सेकंद लागतात. एवढ्या विलंबापर्यंत वादक एकमेकांची लय सांभाळू शकतात. आंतरजालावरील नेहमीच्या दृक्‌श्राव्य संभाषणात विलंब याच्या कितीतरी पट असू शकतो. म्हणून एका पेठेतील गायक आणि दुसऱ्या पेठेतील तबलजी यांना अशा जोडणीवरून समेवर एकत्र येणे दुरापास्त होते. चित्र कितीही सुस्पष्ट असले तरी ही उणीव भरून निघत नाही.

निमग्नतेचे तंत्र व त्याची मर्यादा

निमग्न सादरीकरणात प्रेक्षक दृश्यासमोर बसत नाही, तर दृश्याच्या आत वावरतो. आभासी वास्तवाच्या हेडसेटमुळे हे घरबसल्या शक्य झाले आहे. हेडसेटविना, साध्या पडद्यावरही असा सहभाग साधता येतो. इंग्लंडमधील रॉयल शेक्सपिअर कंपनीने मार्च २०२१ मध्ये सादर केलेल्या 'ड्रीम' या प्रयोगात नटांच्या हालचाली संवेदकांनी टिपून आभासी अरण्यात उतरविण्यात आल्या. घरी बसलेले प्रेक्षक काजव्यांच्या रूपाने त्या अरण्यात प्रकाश पाठवू शकत. सहभागाची ही वाट अरुंद असली तरी ती प्रयोगाच्या आत जात होती. केवळ चहूबाजूंनी दिसणारे दृश्य प्रेक्षकाला वेढून टाकते. त्याची दखल घेतेच असे नाही.

निष्कर्ष

जवळीक दृश्याच्या भव्यतेवर नव्हे, तर प्रतिसादाच्या परतीच्या वाटेवर अवलंबून असते. घराबाहेर पडू न शकणारे वृद्ध, अपंग रसिक आणि परदेशस्थ मराठी कुटुंबे यांच्यासाठी आंतरजालावरील प्रयोग ही तडजोड नसून एकमेव प्रवेशद्वार असू शकते. त्यामुळे तो त्याज्य ठरविणे अन्यायाचे होईल. आणि त्याला नाट्यगृहाचा पर्याय मानणे हेही तितकेच चुकीचे. महाविद्यालयांच्या नाट्य व संगीत विभागांनी असे प्रयोग योजताना महागड्या उपकरणांपूर्वी छोटा प्रेक्षकवर्ग, काहींचे खुले ध्वनिक्षेपक आणि प्रयोगानंतरचा संवाद यांचा विचार करावा. दूरच्या रसिकाची 'वाहवा' कलावंताच्या कानी पडेल, तेव्हाच तो रसिक मैफलीत आला असे म्हणता येईल.