शवासनाआधीच गुंडाळलेली सतरंजी

देहूरोडहून लोणावळ्याची लोकल पकडली की तळेगाव, कामशेत, मळवली करत ती कैवल्यधामाच्या गावी पोचवते. उलट दिशेने शिवाजीनगरला उतरलं, तर मॉडेल कॉलनीत अय्यंगारांची संस्था. योगाच्या दोन मोठ्या घराण्यांच्या मधोमध राहून आपला योग मात्र सूर्यनमस्कारांच्या आकड्यापाशी अडतो. कुणाचे बारा, कुणाचे एकशे आठ!

साडेपाचच्या वर्गात माझ्या शेजारी चाकणला लाइनवर नट आवळणारा एकजण असतो. ताडासनातही त्याचा उजवा खांदा कानाकडे चढलेला. दिवसभर गन त्याच हातात. पुढे वाकून अंगठे तो सहज धरतो, भुजंगासन म्हटलं की "कंबर धरते, मॅडम." गोम इथेच आहे. जे जमतं तेच आपण घोटत बसतो. आठ तास पुढे वाकलेल्या पाठीला मागे वाकणं हवं, एकाच बाजूने राबणाऱ्या अंगाला पीळ आणि बाजूला झुकणं हवं. समतोल ठरवायचा तो दिवसभरात अंगाला काय मिळालं नाही ते पाहून. न जमणाऱ्यांसाठी बी. के. एस. अय्यंगारांनी विटा, पट्टे, दोर, खुर्च्या वर्गात आणल्या. लहानपणी क्षयाने खंगलेला हा माणूस १९३७मध्ये पुण्यात शिकवायला आला; अशक्त शरीराची अडचण त्याला कुणी सांगायला नको होती.

आसनं झाली की श्वास. हठप्रदीपिकेत आसनांनंतर प्राणायामच येतो. सुरुवातीला श्वास कोंडायच्या भानगडीत पडू नये. चार आकडे घेतला, तर सहा-आठ आकडे सोडावा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून लांब उच्छ्वासाने जीव शांत होतो. असल्या गोष्टी नुसत्या श्रद्धेवर सोडू नयेत, हा स्वामी कुवलयानंदांचा आग्रह. नौली करताना पोटातला दाब किती उतरतो हे त्यांनी यंत्राने मोजलं, त्या निर्वात स्थितीला गुरूंवरून 'माधवदास व्हॅक्यूम' नाव दिलं आणि १९२४मध्ये कैवल्यधामाबरोबर 'योगमीमांसा' नियतकालिकही सुरू केलं.

पतंजलींच्या आठ अंगांत यम-नियम आसनांच्या आधी आहेत. थर्ड शिफ्ट करून आलेल्याने झोप मोडून घाम गाळू नये, एवढा नियम पाळला तरी माझ्या मते पुष्कळ झालं. त्याने पडल्यापडल्या श्वास पाहावा आणि झोपावं.

सगळ्यात मार खातं ते शवासन. कंपनीची बस सहा दहाला, त्यामुळे सहा वाजले की सतरंज्या गुंडाळल्या जातात. केलेलं अंगात मुरायला वेळच नाही. परवा शेजाऱ्याने दोन सूर्यनमस्कार सोडले आणि तीन मिनिटं पडून राहिला. त्यातली दोन उजवा खांदा सतरंजीला टेकण्यातच गेली.