रात्रपाळीची गाडी

२२ ऑक्टोबर २०२४ला बंगळुरातल्या येलहंक्याच्या केंद्रीय विहारात रस्त्यावरून होड्या चालल्या होत्या. रात्रीच्या पावसाने येलहंका तळं भरून वाहिलं आणि केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या या सखल वसाहतीत पाणी घुसलं. वीज तोडावी लागली. आपत्ती दलाच्या जवानांनी लोकांना होड्यांतून आणि ट्रॅक्टरवरून बाहेर काढलं, आणि त्यात म्हातारी माणसं बरीच होती. २०२१च्या नोव्हेंबरातही ही वसाहत अशीच बुडाली होती. याच येलहंक्यात जेमतेम महिनाभर आधी, सप्टेंबर २०२४मध्ये, कर्नाटकातल्या पहिल्या गॅसवरच्या वीजकेंद्राचं उद्घाटन झालं होतं. क्षमता ३७० मेगावॅट, आणि जागा जुन्या डिझेल वीजकेंद्राच्याच आवारातली. एवढी वीज शेजारी तयार होत असली तरी ती आपल्या घरच्या सॉकेटात असेलच असं नाही, हे शहराला वीज पुरवणाऱ्या बेस्कॉमच्या ग्राहकाला वेगळं सांगायला नको.

पूर काही रोज येत नाही. पण मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात झाडाची फांदी तारेवर पडते, कुठे ट्रान्सफॉर्मर उडतो, आणि रात्री अकराला गेलेला करंट पहाटेपर्यंत येत नाही. बहुतेकांना त्याचा त्रास म्हणजे पंखा बंद आणि डास चालू. पण ज्या घरात कुणी सीपॅप लावून झोपतं किंवा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असतं, त्या घरी करंट गेल्याबरोबर हिशेब सुरू होतो.

सीपॅप तसं साधं यंत्र आहे. झोपेत घसा आतून मिटतो आणि श्वास अडतो, तो मिटू नये म्हणून मास्कमधून हलक्या दाबाची हवा सतत सोडायची, एवढंच त्याचं काम. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८० साली पहिल्या रुग्णावर हा प्रयोग केला तेव्हा हवेसाठी व्हॅक्यूम क्लीनरचाच पंखा उलटा वापरला होता. आजचं यंत्र उशीशेजारच्या टेबलावर मावतं आणि हवा ओलसर करणारी तबकडी व तापणारी नळी बंद ठेवली तर दहा-वीस वॅटांत भागवतं. दोन्ही चालू ठेवली की पन्नासच्या आसपास. कॉन्सन्ट्रेटरचं प्रकरण मात्र निराळं. खोलीतली हवा दाबून तिच्यातला नायट्रोजन गाळायचा म्हणजे कॉम्प्रेसर आला, आणि पाच लिटरच्या यंत्राला तीनशे-साडेतीनशे वॅट लागतात. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिल-मेमध्ये, ही यंत्रं मिळेल त्या भावाने घरोघरी आली. फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या रुग्णांकडे ती आजही रात्रभर घरघरत असतात.

करंट नसताना या यंत्रांना वीज कुठून द्यायची? आता गेटाबाहेर उभ्या हायब्रिड गाडीकडे येऊ. बंगळुरात हायब्रिड गाड्या भरपूर दिसतात आणि त्यातल्या पुष्कळशा इथल्याच आहेत. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बिडदीला, टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यात हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस तयार होतात. मारुतीच्या नावाने विकली जाणारी ग्रँड विटाराही तिथलीच. किर्लोस्करांचं कानडी मुलखाशी नातं या कारखान्याच्या किती तरी आधीचं आहे. १९४६ साली त्यांची किर्लोस्कर इलेक्ट्रिक बंगळुरातच सुरू झाली. त्याच साली पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली, आणि आज तिचे जनसेट सोसायट्यांच्या कोपऱ्यात उभे दिसतात. तेव्हा मराठी माणसाने बंगळुरात किर्लोस्करांच्या यंत्राकडून वीज मागितली तर त्यात नवल काही नाही.

या गाडीत मोठी बॅटरी आहे म्हणजे घर चालेल, असं लोक धरून चालतात. पण ती मोठी नाही. हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये १७७.६ व्होल्टची लिथियम बॅटरी आहे आणि तिचा साठा ०.७६ युनिट. त्यातलाही मधला थोडाच भाग गाडी वापरू देते. तळापर्यंत उतरवली किंवा काठोकाठ भरली तर बॅटरीचं आयुष्य घटतं, म्हणून संगणक तिला दोन्हीकडून राखतो. हाती उरतं ते पाव युनिट, फार तर. याउलट, घरच्या यूपीएसखालची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १.८ युनिटची असते आणि तिच्यातली निम्मी-अधिक वीज बिनधास्त वापरता येते. लाखो रुपयांच्या गाडीतल्या साठ्यापेक्षा बाल्कनीतल्या त्या पाणी घालायच्या डब्यातला साठा मोठा आहे.

मग गाडीचा उपयोग काय? उपयोग आहे पेट्रोलच्या टाकीचा. हायरायडरची टाकी ४५ लिटरची, हायक्रॉसची ५२ची. बॅटरी उतरली की गाडी कुणाला न विचारता इंजिन लावते, चार-पाच मिनिटांत भर घालते आणि इंजिन बंद करते. पुन्हा उतरली की पुन्हा तेच. म्हणजे हा जनसेटच, फक्त मधल्या काळात गप्प राहणारा आणि बटण दाबायला माणूस न लागणारा. २००८च्या डिसेंबरात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये बर्फाच्या वादळाने वीज गेली, तेव्हा टोयोटाची हायब्रिड प्रियस असलेल्या एकाने इन्व्हर्टर जोडून फ्रिज, दिवे, टीव्ही तीन दिवस चालवले. पेट्रोल लागलं सुमारे पाच गॅलन आणि वीज मिळाली १७ युनिट. लिटरला युनिटभरही पडली नाही, पण मिळाली. जपानात टोयोटाच्या एस्टिमा हायब्रिडमध्ये १५०० वॅटचं घरगुती सॉकेट कारखान्यातूनच येई. २०११च्या भूकंपानंतर त्याचं मोल कळलं आणि पुढे प्रियसलाही ते देऊ लागले. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१च्या थंडीत फोर्डच्या हायब्रिड ट्रकांनी घरं चालवली. बिडदीतून निघणाऱ्या हायरायडरमध्ये ते सॉकेट नाही. बाकी सगळी यंत्रणा आत असताना एवढं एक भोक पाडायला काय हरकत होती, असं मला राहून राहून वाटतं.

तेव्हा इथल्या माणसाला बारा व्होल्टच्या बाजूनेच शिरावं लागतं. हायब्रिडला अल्टरनेटर नसतो. त्याच्या जागी एक कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतली वीज चौदा व्होल्टांच्या आसपास उतरवून छोट्या बॅटरीला पाजतो. पुढच्या सॉकेटच्या झाकणावर सहसा १२० वॅट छापलेलं असतं. सीपॅपला ते पुरून उरतं. यंत्राच्या कंपनीची गाडीसाठीची वायर मिळते, ती लावली की इन्व्हर्टरही नको. कॉन्सन्ट्रेटरला मात्र ते सॉकेट पुरत नाही, फ्यूज उडतो. त्यासाठी छोट्या बॅटरीच्या टोकांवरून, मध्ये योग्य फ्यूज घालून, जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून इन्व्हर्टर जोडून घ्यावा लागतो, तोही शुद्ध साइन वेव्हचा. नारिंगी वेष्टनाच्या केबलींना तर कुणी हातच लावायचा नाही. त्या थेट मोठ्या बॅटरीच्या आहेत.

येलहंका न्यू टाउनात हाउसिंग बोर्डाची बैठी घरं आहेत, गाडी गेटाशी आणि बेडरूमची खिडकी दहा-बारा मीटरवर. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ, मूळचे बेळगावचे, तिथे राहतात. करंट गेलेल्या एका रात्री त्यांच्या मुलाने गाडी ‘रेडी’त, म्हणजे निघायला तयार स्थितीत, ठेवून वायर खिडकीतून आत घेतली. म्हाताऱ्यांनी मास्क लावायच्या आधी विचारलं, “अरे, गाडी चालू केलीस ना?”

“चालूच आहे, बाबा.”

“मग आवाज कुठाय?”

आवाज अर्ध्या-पाऊण तासाने आला. इंजिन आपोआप लागलं आणि शेजारचं कुत्रं अर्धी गल्ली उठेपर्यंत भुंकलं. दुसरी गोष्ट त्यांना यंत्राच्या पडद्यावर दिसली: दाब मधूनच ढळत होता. बारा व्होल्टची पातळ वायर वीसेक मीटर फिरली, जाऊन-येऊन, की पाच अँपिअरला व्होल्टभर तरी तिच्यातच गळतो. मग मुलाने छोटा इन्व्हर्टर गाडीत ठेवला आणि २३० व्होल्टचं साधं एक्स्टेन्शन आत नेलं. त्या दाबाला करंट पाव अँपिअरच, गळती नाहीशी.

‘रेडी’त ठेवणं महत्त्वाचं. नुसत्या अ‍ॅक्सेसरीत ठेवली तर वीज फक्त छोट्या बॅटरीतून जाते आणि ती पहाटेपर्यंत झोपते. हायब्रिडमध्ये छोटी बॅटरी इंजिन फिरवत नाही, संगणक जागा करते आणि मोठ्या बॅटरीचे रिले जोडते. ती मेली की मोठी बॅटरी नि टाकी दोन्ही भरलेल्या असूनही गाडी जागची हलत नाही. ‘रेडी’तल्या गाडीचं दुखणं उलटं असतं: ती चालू आहे हे कुणाला कळत नाही. म्हणून गिअर ‘पी’त, हँडब्रेक वर, दारं लॉक, एसी आणि दिवे बंद.

सगळ्यात मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. इंजिन तुम्ही झोपेत असताना लागणार. बंद गॅरेजात, तळघरातल्या पार्किंगात किंवा खिडकीकडे धुराडं करून उभ्या केलेल्या गाडीने हे करायचं नाही म्हणजे नाही. त्या वायूला वास नाही आणि झोपलेला माणूस उठत नाही. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना म्हणून हा उपाय जवळजवळ बादच. आणि केंद्रीय विहारासारखा पूर आला तर पार्किंगातली गाडीच आधी पाण्यात जाते.

खर्चाचंही बघा. सीपॅप खातं चाळीसेक वॅट. पण ‘रेडी’तली गाडी स्वतःच्या संगणकांसाठी आणि पंपांसाठीच दोन-तीनशे वॅट घेते. आठ तासांत यंत्राला लागलं जेमतेम तिसरा हिस्सा युनिट आणि जळलं दोन-अडीच लिटर पेट्रोल, म्हणजे अडीचशे रुपये. कॉन्सन्ट्रेटर लावला तर यंत्राचेच अडीच युनिट, आणि पेट्रोल पाच-सहा लिटर. तिथे निदान पैशाला काम मिळतं. सीपॅपसाठी गाडी रात्रभर चालू ठेवणं मला पटत नाही. त्याला घरचा यूपीएस रात्र काढून देतो. नाहीतर एखादं पाचशे वॅट-तासांचं पोर्टेबल पॉवर स्टेशन संध्याकाळी गाडीच्या सॉकेटवर भरून वर न्यावं, तिसऱ्या मजल्यावरही चालतं.

ऑक्सिजनवाल्या घरात पहिला आधार सिलिंडरचाच. बी-टाइप सिलिंडरमध्ये १५०० लिटर असतो, मिनिटाला दोन लिटरने साडेबारा तास, पाचने पाच तास, आणि वीज शून्य. गाडी त्याच्यानंतर, सिलिंडरची दुसरी फेरी येईपर्यंत. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला तर गाडीच्या भरवशावर ठेवूच नये. गाडी असलीच तर ती त्याला हॉस्पिटलात न्यायला वापरावी.

न्यू टाउनातल्या त्या गृहस्थांनी शेवटी सीपॅप यूपीएसच्या लाइनवर घेतलं आणि हवा ओलसर करणारी तबकडी करंट नसेल तेव्हा बंद ठेवायची सवय लावून घेतली. इन्व्हर्टर आणि एक्स्टेन्शन गाडीच्या डिकीत आहे. पावसाळ्यात मुलगा टाकी अर्ध्याखाली उतरू देत नाही, आणि गाडी आता तोंड घराकडे करून लावतो.