पाचोडची मोसंबी आणि पोटातलं सेरोटोनिन

पाचोडच्या बाजारातली मोसंबी सोलून खाल्ली, की तिचा चोथा तासाभरात लहान आतड्याकडे निघू लागतो. तिथून पुढची वाट सुमारे सहा मीटरची!

या वाटेवर चोथा पुढे सरकवायला मदत करतं ते सेरोटोनिन हे रसायन. त्याचं नाव काढलं की लोक 'मूड'वर येतात. पण शरीरातलं जवळपास 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं. इटलीच्या एर्स्पामेर यांना 1930 च्या दशकात ते तिथेच सापडलं. मेंदूत ते आहे हे बेटी ट्वारॉग यांनी 1953 साली दाखवलं.

घास पुढे सरकताना आतड्याचं अस्तर दाबलं जातं. तिथल्या खास पेशी सेरोटोनिन सोडतात, शेजारच्या मज्जातंतूंना इशारा जातो, घासामागचा स्नायू आवळतो आणि पुढचा सैल पडतो. मेंदूला विचारायची गरजच नाही. काम झालं की अस्तराच्या पेशी ते शोषून घेतात. मात्र सगळं श्रेय त्यालाच देऊ नका: प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते नसतानाही आतड्याच्या लाटा चालूच राहिल्या.

उलटीवरची ऑन्डान्सेट्रॉन ही गोळी सेरोटोनिनचा इशाराच अडवते, म्हणून काहींना बद्धकोष्ठ होतो. उलट ते शोषलं जाणं अडवणाऱ्या, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी सुरुवातीला जुलाब होतात. असं झालं तर गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.