आज्ञावलीचा स्वयंपुनरारंभ

संगणकावर चालू असलेल्या आज्ञावलीने, वापरणाऱ्याने ती हाताने बंद करून पुन्हा उघडल्याविना, स्वतःचे काम संपवून स्वतःस नव्याने चालू करून घेणे, या क्रियेस स्वयंपुनरारंभ म्हणतात. आज्ञावलीची नवी आवृत्ती बसविणे, भाषा किंवा मांडणी बदलणे, तसेच बिघाडानंतर पूर्वस्थितीवर येणे यांसाठी तिची गरज पडते.

या क्रियेचे मर्म सोलापूरच्या चादरीच्या मागावर पाहावयास मिळते. जोझेफ मारी जकार याने १८०४ मध्ये सिद्ध केलेल्या योजनेत नक्षी छिद्रे पाडलेल्या कार्डांवर उतरविलेली असते. ही कार्डे ओवून त्यांची अखंड माळ करतात. त्यामुळे शेवटच्या कार्डानंतर पहिले कार्ड आपोआप समोर येते आणि नक्षी पुन्हा सुरू होते. बाण्याचा धागा तुटल्यास मात्र माग थांबवून, तो धागा ज्या कार्डावर पडावयास हवा होता तेच कार्ड विणकरास पुन्हा समोर आणावे लागते. कार्ड चुकल्यास नक्षीत आडवा दोष उमटतो. म्हणजेच पुन्हा चालू होणे सोपे असते. योग्य जागेपासून चालू होणे अवघड असते. आज्ञावलीसही हेच लागू पडते.

पद्धती : संपलेली आज्ञावली स्वतः काहीच करू शकत नाही, म्हणून तिच्या पुनरारंभाची तजवीज ती संपण्यापूर्वीच व्हावी लागते. त्याचे मुख्य प्रकार तीन आहेत. (१) चालू प्रत परिचालन प्रणालीस दुसरी प्रत सुरू करण्याची विनंती करते व नंतर स्वतः बंद होते. विंडोज प्रणालीत ही पद्धत रूढ आहे. २००५ मधील डॉट नेटच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यासाठी तयार आज्ञा देण्यात आली. (२) एक छोटी साहाय्यक आज्ञावली मूळ प्रत संपण्याची वाट पाहते, तिची फाईल बदलते, नवी प्रत सुरू करते आणि स्वतः संपते. चालू असलेल्या आज्ञावलीच्या फाईलवर विंडोज नवी फाईल लिहू देत नसल्याने आवृत्ती बदलताना हा मार्ग सोयीचा ठरतो. (३) युनिक्स व लिनक्स प्रणालींत ‘एक्झेक’ या आज्ञेने चालू प्रक्रियेच्या स्मृतीतील जुना मजकूर जाऊन त्या जागी नवा येतो. प्रक्रियेचा क्रमांक तोच राहतो. तसेच विशेष खूण केली नसल्यास उघड्या फाईलीही उघड्याच राहतात.

अडचणी व दक्षता : पहिल्या पद्धतीत काही क्षण दोन प्रती एकाच वेळी चालू असतात. एका वेळी एकच प्रत चालावी, असे बंधन असल्यास नवी प्रत जुनीला पाहून लगेच बंद होते आणि अखेर दोन्ही नाहीशा होतात. यासाठी जुन्या प्रतीचा प्रक्रिया क्रमांक नवीस कळवितात व ती संपेपर्यंत नवी प्रत थांबून राहते. जुन्या प्रतीस प्रशासकाचे विशेष अधिकार असल्यास तिने सुरू केलेल्या प्रतीसही ते सामान्यतः मिळतात. ते आवश्यक नसल्यास धोक्याचे ठरतात.

दुसरी अडचण पुनरारंभाच्या चक्राची होय. सुरू होतानाच बिघडणारी आज्ञावली स्वतःस अखंड चालू करीत राहिल्यास संगणक वापरणे अशक्य होते. विंडोज व्हिस्टापासून बिघडलेली आज्ञावली पुन्हा सुरू करून देण्याची सोय परिचालन प्रणालीतच आहे. परंतु त्यासाठी आज्ञावलीने तशी नोंदणी केलेली असावी लागते व ती निदान ६० सेकंद चाललेली असावी लागते. इतरत्र पुनरारंभांची संख्या मोजून तिला मर्यादा घालतात.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे अपुऱ्या कामाचे रक्षण. नक्षीचे आरेखन आता संगणकावरही केले जाते. अशा वेळी काम न साठविता पुनरारंभ झाल्यास आरेखकाचे कित्येक तासांचे श्रम वाया जातात. म्हणून आधी तात्पुरत्या फाईलीत संपूर्ण मजकूर लिहून, तो नीट लिहिला गेल्याची खात्री झाल्यावरच तिला मूळ फाईलचे नाव देतात. उघडलेले चित्र व कामाची जागा यांचीही नोंद ठेवतात. बिघाडाच्या क्षणी साठवण करता येईलच असे नसल्याने ती कामाच्या ओघात वेळोवेळी करणे इष्ट असते. नियोजित पुनरारंभापूर्वी वापरणाऱ्याची संमती घेणे व त्यास तो पुढे ढकलण्याची मुभा देणे, हे चांगल्या आज्ञावलीचे लक्षण होय.