आवाजाची घडी आणि तिची उकल

श्रोतेहो, आज जी गोष्ट समजावून घ्यायची आहे तिची सुरुवात एका आजींच्या आवाजापासून झाली. माझ्या परिचयाच्या एका प्राथमिक शिक्षकांनी गावातल्या या आजींच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. आजी पुढे वारल्या. वर्षभराने गुरुजींनी त्या ओव्या शाळेतल्या संगणकावर लावल्या, तो काय! आजींच्या जागी कोणी घोगऱ्या आवाजाचा पुरुष पेंगत पेंगत गात आहे, असे वाटू लागले. मुले हसली, गुरुजी मात्र हिरमुसले. फाइल नासली, असे त्यांनी धरले. वास्तविक फाइल शाबूत होती. चूक झाली होती ती उलगडण्यात.

आता उलगडणे म्हणजे काय? ते कळायला आधी घडी कशी घालतात ते पाहू.

आवाज म्हणजे हवेतील कंप. संगणक हा कंप सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि प्रत्येक माप आकड्यात लिहितो. सीडी तबकडीसाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते, आणि तीही डाव्या व उजव्या बाजूची वेगवेगळी. सगळे आकडे जसेच्या तसे लिहिले, तर एका मिनिटाला सुमारे १ कोटी ६ लाख बाइट जागा लागते. एमपीथ्री पद्धतीने, १२८ किलोबिटच्या नेहमीच्या दराने, तेच मिनिट ९ लाख ६० हजार बाइटांत मावते. म्हणजे अकराव्या हिश्श्यात. ही पद्धत घडवण्यात जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेचे कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग व त्यांचे सहकारी यांचा मोठा वाटा आहे. १९९३ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली.

मग बाकीचे दहा हिस्से गेले कोठे? पिठाची गिरणी चालू असताना हातातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. टिकटिक थांबलेली नसते. मोठ्या आवाजाखाली ती झाकली जाते. एमपीथ्री नेमका याचाच फायदा घेते. कानाला जे झाकलेले राहणार, त्याची नोंद ती ओबडधोबड करते किंवा मुळीच करीत नाही. यानंतर दुसरी युक्ती. तारेच्या लिपीत वारंवार येणाऱ्या इंग्रजी ‘ई’ या अक्षराला एकच टिंब दिलेले होते, आठवते ना? तसेच वारंवार येणाऱ्या आकड्यांना आखूड खुणा आणि क्वचित येणाऱ्यांना लांब खुणा देतात. ही रीत अमेरिकेतील डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये मांडली. या दोन युक्त्यांतला फरक मात्र पक्का ध्यानात ठेवा. हफमनच्या खुणांतून मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. पहिल्या युक्तीने टाकलेले परत मिळत नाही.

अशी घडी घातलेली फाइल एकसंध नसते. टपालाच्या थैल्या ओळीने मांडाव्यात, तशी तिची रचना असते. या थैलीला फ्रेम म्हणतात. एकेका फ्रेममध्ये ११५२ मापांचा ऐवज असतो. सेकंदाला ४४,१०० मापे धरली तर हा सुमारे २६ सहस्रांश सेकंदांचा आवाज झाला. प्रत्येक थैलीवर चार बाइटांची चिठ्ठी असते. माल किती दराने भरला, सेकंदाला मापे किती, आवाज एकेरी की दुहेरी, हे सारे तीवर लिहिलेले असते. उलगडताना आधी चिठ्ठी वाचायची, मग खुणांचे आकडे करायचे, आकडे मूळ पट्टीवर आणायचे आणि शेवटी त्यांतून कंपाची मापे जुळवायची. थैल्यांचा माल थोडा एकमेकींत गुंतलेलाही असतो. म्हणून फाइल मध्येच तोडली, तर पहिला तुकडा कधी कधी धड उलगडत नाही.

यामागे बरेच गणित आहे. पण प्रत्येक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ते नव्याने मांडण्याचे कारण नाही. घर बांधणारा गवंडी काही विटा स्वतः भाजत बसत नाही. त्याचप्रमाणे जाणकारांनी लिहून, पारखून ठेवलेल्या आज्ञांचे तयार संच मिळतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. एमपीजी१२३ हा असाच एक संच. फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेला एफएफएमपेग हा दुसरा. दोन्ही विनामूल्य आहेत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एवढेच सांगायचे: फाइल उघड, पुढची थैली उलगड, निघालेली मापे ध्वनियंत्राकडे दे, आणि थैल्या संपेपर्यंत हेच करीत राहा.

पण तयार संच असला तरी एक काम आपल्याकडे राहतेच. चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते लायब्ररीला विचारून घ्यावे लागते. गुरुजींच्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेसाठी हौसेने प्रोग्रॅम लिहिला होता. त्याच्याजवळच्या जुन्या फाइलींत सेकंदाला २२,०५० मापे होती, म्हणून त्याने तोच आकडा कायमचा लिहून टाकला. आजींच्या फाइलीत होती ४४,१००. एका सेकंदाचा माल दोन सेकंदांत वाजू लागला. गाणे दुप्पट लांबले आणि स्वर एक सप्तक खाली उतरला. विद्यार्थ्याने तो ठरावीक आकडा काढला, लायब्ररीला विचारणारी एक ओळ घातली, आणि आजी पुन्हा आपल्या आवाजात गाऊ लागल्या.

येथे गोष्ट संपती तर बरे होते. आवाज परतला, पण मागची जात्याची घरघर पाण्याच्या बुडबुड्यांसारखी येत होती. गुरुजींनी मधला खोकला, कोंबड्याचे आरवणे काढण्यासाठी फाइल तीन वेळा उघडून, छाटून पुन्हा एमपीथ्री करून ठेवली होती. दर वेळी नवी घडी पडली आणि दर वेळी थोडे टाकले गेले. मूळ फाइल जागा अडते म्हणून पुसलेली. लायब्ररी कितीही चांगली असो, घडी घालताना जे वगळले ते तिला आणता येत नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या गावात कोणी ओव्या, भारुडे, कहाण्या सांगणारे म्हातारे माणूस असेल, तर आवाज जरूर टिपून ठेवा. सोय असल्यास वेव्ह किंवा फ्लॅक प्रकारात मुद्रण करा. फ्लॅकमध्ये जागा वाचते, पण वगळले काहीच जात नाही. मोबाइल एमपीथ्रीच देत असेल तर पहिली फाइल आहे तशी राहू द्या, तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा, आणि काटछाट करायची ती तिसऱ्या प्रतीवर. चार रुपयांची जागा जाईल. गुरुजींकडे आजींच्या ओव्या आज आहेत. जात्याची घरघर मात्र नाही, आणि ती पुन्हा मुद्रित करायला आजीही नाहीत.