नाकाला रुमाल बांधला म्हणजे मास्क झाला का?

सकाळी आमच्या घाटकोपरच्या वस्त्यांमधून कामावर निघणारी माणसं पाहिली, तर बहुतेकांच्या कामात धूळ आहे. कुणी रस्ता झाडायला जातो, कुणी पाडकामावर बिगारी म्हणून, कुणी लादी-मार्बल कापायला, कुणी रंगकामाला. रमाबाई नगरला तर ईस्टर्न एक्सप्रेस हायवे अगदी खेटून आहे. घरात बसलेल्यालाही धूर चुकत नाही. यावर आपला उपाय एकच, नाकाला रुमाल किंवा ओढणी. म्हणून या वेळी आम्ही मास्कबद्दल लिहीत आहोत. कोणता मास्क काय अडवतो आणि कोणत्या ठिकाणी कुठलाच मास्क कामाचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. या माहितीवर जीव अवलंबून असतो.

रुमाल कुठे कमी पडतो?

मिलिमीटरचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ बरीचशी नाकात-घशातच अडकते. खरा धोका न दिसणाऱ्या बारीक धुळीचा. ती थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. रुमालाच्या धाग्यांमधली भोकं तिच्यापेक्षा कितीतरी मोठी असतात. रुमाल काळा झाला म्हणजे धूळ अडली, असं आपल्याला वाटतं. पण अडली ती जाड धूळ, बारीक आत गेली.

कापडापासून एन-९५ पर्यंत

मुंबईत १८९६ साली प्लेग आला, तो मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरला. पण १९१० च्या अखेरीस चीनच्या मांचुरिया भागात जो प्लेग आला, तो फुप्फुसाचा होता. डॉ. वू लिएन-तेह या तरुण डॉक्टरांनी सांगितलं, की हा रोग श्वासातून पसरतो, तेव्हा सगळ्यांनी मास्क लावा. त्यांचा मास्क साधाच होता: जाळीदार पट्टीच्या कापडाच्या थरांमध्ये कापूस. मेस्नी नावाच्या एका अनुभवी फ्रेंच डॉक्टरांनी त्यांचं म्हणणं धुडकावलं आणि मास्क न लावता रुग्ण तपासले. काही दिवसांतच, जानेवारी १९११ मध्ये, प्लेगनेच त्यांचा मृत्यू झाला.

आजचा एन-९५ कापसाचा नसतो. पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक वितळवून, गरम हवेच्या झोताने त्याचे अतिशय बारीक तंतू उडवतात आणि त्यांचा थर जमवतात. मग त्या थराला वीजभार देतात. प्लास्टिकचा कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे ओढून घेतो, तसे हे तंतू धुळीचे कण ओढून धरतात. म्हणजे हा मास्क नुसती चाळणी नाही. भोकातून जाऊ शकेल असा कणही त्याला चिकटतो. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण अडवणं सर्वांत अवघड. त्यातले शंभरातले किमान ९५ अडवतो म्हणून नाव एन-९५.

म्हणूनच हा मास्क धुवायचा नाही आणि त्यावर सॅनिटायझरही मारायचं नाही. त्याने वीजभार उतरतो. मास्क दिसायला स्वच्छ होतो, पण कामातून जातो. पुन्हा वापरायचा असेल तर कागदी पिशवीत कोरडा ठेवा. ओला झाला, फाटला, पट्टा सैल झाला किंवा श्वास घेणं जड जाऊ लागलं, की टाकून द्या.

फट म्हणजे भोक

नवे प्रकार येतच आहेत. २०२१ साली पुण्याच्या थिंकर टेक्नॉलॉजीज या कंपनीने थ्रीडी प्रिंटरवर बनवलेला, विषाणू मारणारा लेप दिलेला मास्क आणला. पण कापड कितीही भारी असो, गालाजवळ फट राहिली तर हवा तिथूनच आत येते. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे कानात अडकवायच्या पट्ट्यांपेक्षा मास्क घट्ट बसवतात. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा. मग मास्कवर दोन्ही हात ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालावर हवा लागली, तर मास्क नीट बसलेला नाही. दाढी असेल तरी फट राहते.

कोणत्या कामाला कोणता?

झाडलोट, पाडकाम: एन-९५ किंवा एफएफपी-२.

लादी, दगड, काँक्रीट कापणं: या धुळीत सिलिका असते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही आणि त्या रुग्णाला टीबीचा धोकाही वाढतो. म्हणून आधी पाणी मारून ओलं कापा आणि वर मास्कही लावा. नुसत्या मास्कवर भागवू नका.

रंग, थिनर, पॉलिश: ही वाफ एन-९५ मधून सरळ आत जाते. त्यासाठी कोळशाची डबी बसवलेला रबरी मास्क लागतो. आतून वास येऊ लागला की डबी संपली, ती बदला.

घरात टीबीचा रुग्ण असेल तर: रुग्णाने साधा सर्जिकल मास्क लावावा, जवळ राहून सेवा करणाऱ्याने एन-९५. खिडकी-दार उघडं ठेवा. पुढे झडप असलेला मास्क रुग्णाने लावू नये. त्याचा श्वास झडपेतून न गाळता बाहेर येतो.

गटारात कुठलाच मास्क चालत नाही

हे सगळ्यांत महत्त्वाचं. मॅनहोल किंवा सेप्टिक टँकमध्ये विषारी वायू असतो आणि प्राणवायू कमी असतो. एन-९५ फक्त कण अडवतो. कोळशाची डबीही प्राणवायू तयार करत नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला, तर नाकाला त्याचा वास येणंही बंद होतं. वास नाही म्हणून धोका नाही, असं समजून माणूस उतरतो आणि त्याला काढायला दुसरा उतरतो. दोघेही जातात.

संरक्षक साधनांशिवाय गटार-टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती ३० लाख केली. पण गेलेला माणूस भरपाईने परत येत नाही. "मास्क देतो, उतर," असं कुणी म्हटलं तर उत्तर एकच: नाही. ते काम यंत्राचं आहे.

घेताना काय पाहाल?

नुसतं एन-९५ छापलेलं पुरेसं नाही. मास्कवर आयएसआय खूण, आयएस ९४७३ हा क्रमांक आणि एफएफपी-२ लिहिलेलं पाहा. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने एन-९५ मास्कचा कमाल दर प्रकारानुसार १९ ते ४९ रुपये ठरवला होता. म्हणजे चांगला मास्क ही काही श्रीमंतांची वस्तू नाही. तरीही कामावरचा मास्क तुमच्या खिशातून का? ज्याचं काम, त्याने तो द्यायला हवा. एकट्याने मागायला जड जातं. नाक्यावरच्या दहा जणांनी मिळून मागा. आणि आज रात्री घरात कामावरून परतलेल्या माणसाला एवढं नक्की विचारा: दिवसभर नाकाला काय बांधलं होतं?