परसातील मधमाशा आणि त्यांची शिदोरी

पंचामृताच्या पाच द्रव्यांपैकी दूध, दही व तूप ही तीन घरच्या गाईपासून मिळत. साखर दुकानातून येई. पण मध कोठून येतो याची विचारपूस आपल्या घरांतून फारशी कधी झाली नाही. रानातून कोणी बाटली भरून आणून देई, ती देवघराच्या फडताळात ठेवली की वर्षाची बेगमी झाली. त्या बाटलीतील मध बहुधा आग्या माशीचा असे. रात्री टेंभा पेटवून माशा उठवावयाच्या, बऱ्याच जाळावयाच्या, पोळे अख्खे कापावयाचे आणि अंडी-अळ्यांसकट मुठीत पिळावयाचे, अशी ती रीत. मधुपर्कासारख्या मंगल उपचारासाठी जे द्रव्य हवे, त्याच्यापायी एक नांदते घर उद्ध्वस्त व्हावे, ही विसंगती एकदा ध्यानी आली म्हणजे परसात मधाची पेटी ठेवण्याचा विचार सुचल्यावाचून राहत नाही.

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या सीमेशी टेकलेला सालेकसा तालुका या विचाराला मोठा अनुकूल आहे. मुंबई-हावडा लोहमार्ग येथूनच दरेकशाच्या डोंगरात शिरतो. हाजरा धबधबा, कचारगडच्या गुहा, भोवती मोह, ऐन, तेंदू, जांभूळ, पळस यांचे रान आणि सखल भागात धानाच्या बांध्या. रान आणि शेत अशी शेजारी नांदत असली म्हणजे माशीला वर्षातील बहुतेक महिने काही ना काही फुललेले सापडते.

परंतु प्रत्येक माशी पेटीत राहत नाही, हे प्रथम जाणले पाहिजे. आग्या माशी उंच फांदीला वा कड्याला उघड्यावर एकच विशाल पोळे लावते आणि ऋतुमानाप्रमाणे मुलूख बदलते. तिला कोंडणे अशक्य. फुलोरी माशीचे पोळे झुडपात, तळहाताएवढे, तेही उघडेच. पोयाच्या माशीला नांगी नाही, पण तिचा मध अत्यल्प. राहता राहिली सातेरी. झाडाची ढोली, वारूळ, जुन्या भिंतीतील पोकळी अशा अंधाऱ्या जागी ती एकाशेजारी एक अनेक पोळी बांधते, आणि म्हणूनच लाकडी पेटीचा अंधारही तिला मानवतो. युरोपातून आणलेली मेलिफेरा जातीची माशी मध पुष्कळ देते खरी, पण तिच्या पेट्या फुलोऱ्यामागे गाडीत घालून हिंडवाव्या लागतात. परसातील दोन पेट्यांपुरता संसार करू इच्छिणाऱ्याने सातेरीच पत्करावी, असे आमचे मत आहे.

पेटीची युक्ती साधी आहे. दोन पोळ्यांच्या मध्ये माशी ठरावीक अंतर मोकळे सोडते. ते अंतर राखून चौकटी टांगल्या तर ती त्यांना मेणाने चिकटवून टाकीत नाही. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन पाद्र्याने १८५१ साली हे तत्त्व ओळखले आणि तेव्हापासून पोळे न मोडता उचलून पाहता येऊ लागले. पेटीचे दोन मजले असतात. तळच्या कोठीत राणी अंडी घालते व पिल्ले वाढतात. वरच्या कोठीत मध साठतो. वरची चौकट यंत्रात फिरवून मध काढावयाचा आणि रिकामे पोळे माशांना परत द्यावयाचे. मेण घडविण्यासाठी माशीला त्याच्या कित्येक पट मध खर्ची घालावा लागतो. तो सारा खर्च यामुळे वाचतो.

आता ऋतूंकडे वळू. या विषयावरील बहुतेक ग्रंथ शीत देशांत लिहिले गेले आणि तेथील पंचांग सर्वस्वी निराळे आहे. तेथे हिवाळा हाच काळ. बाहेर बर्फ पडत असता माशा एकमेकींना बिलगून गोळा होतात, स्नायू थरथरवून ऊब निर्माण करतात आणि साठविलेला मध खाऊन महिनोगणती तग धरतात. अशा एका वसाहतीसाठी तेथील पालक पंचवीस-तीस किलो मध पेटीतच सोडून देतो. आपल्याकडील कोणी हौशी गृहस्थ ते वाचून मार्गशीर्षात पेटीला गोधडी गुंडाळू लागेल, तर त्याची मेहनत अस्थानी होईल. गोंदियाकडे थंडी काही लटकी नसते. पौषात पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो. पण त्याच दिवसांत धुऱ्यावरची तूर नुकतीच फुलून गेलेली असते, धानाच्या बांध्यांतून लाखोळी व जवस निळ्या फुलांनी भरतात, मोहरी पिवळी होते. ऊन वर आले की सातेरी कामाला निघते. पालकाने एवढेच पाहावे की दार लहान केलेले आहे, पेटीला सकाळचे ऊन लागते आहे, आणि उघडावयाची तर भर दुपारीच. पिल्लांच्या कोठीत चौतीस-पस्तीस अंशांची ऊब माशा अखंड राखीत असतात. पहाटे झाकण उघडणे म्हणजे बाळंतिणीच्या खोलीचे दार वाऱ्यावर टाकणे होय.

माघ-फाल्गुनापासून चैत्रापर्यंत वसाहत फुगते आणि घर फुटू पाहते. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी लोंबती घरे दिसू लागली म्हणजे नवी राणी येणार व जुनी अर्धे कुटुंब घेऊन निघणार, हे समजावे. त्याआधीच चौकटी वाटून दुसरी पेटी भरावी. पुढे करंज, जांभूळ, कडुनिंब, चिंच यांचा बहर. हाच मधाचा हंगाम. ज्या घरांवर मेणाची टोपी चढली आहे तोच मध पक्व. उघड्या घरांतला पातळ असतो आणि आंबतो. वैशाखातील ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात जाते, तेव्हा मेण मऊ पडून पोळी कोसळण्याचे भय असते. माशा पाणी आणून शिंपडतात आणि पंखांनी वारा घालतात. पेटीवर दाट सावली व जवळ खडे घातलेले पाण्याचे पसरट भांडे ठेवावे. खडे नसले तर त्या बुडून मरतात.

आणि येथेच खरी कसोटी येते. वरची कोठी रिती झाली, मध उत्तम निघाला, तळच्या कोठीच्या कडेलाही पिवळे पट्टे चकाकत आहेत. तेवढे घेतले तर काय बिघडले? सर्व काही बिघडते. आपल्या हवेत माशीचा दुष्काळ हिवाळ्यात नव्हे, तर आषाढ-श्रावणात पडतो. झड लागली की दिवसचे दिवस उड्डाण बंद. थोडी उघडीप मिळाली तरी भोपळ्या-काकडीचे वेल, तीळ यांखेरीज फारसे काही नाही. महाबळेश्वर हे तर महाराष्ट्रातील थंड हवेचे ठिकाण. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मधसंचालनालय तेथेच आहे, आणि जवळच्या मांघर या गावाला २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून गौरविण्यात आले. तेथेही सातेरीला जड जातो तो पावसाळाच, थंडी नव्हे.

उपाशी सातेरी मरेपर्यंत वाट पाहत नाही. राणी अंडी घालणे थांबवते, शेवटची पिल्ले बाहेर पडतात, आणि एके सकाळी सारी वसाहत पेटी सोडून रानात निघून जाते. मागे राहिलेल्या पोळ्यांत मेणपतंगाच्या अळ्या जाळी विणतात. हौसेने आणलेल्या पेट्या अशाने रिकाम्या पडतात आणि दोष माशीच्या चंचल स्वभावावर ढकलला जातो. वास्तविक तिने आपली शिदोरी मोजलेली असते. म्हणून तळच्या कोठीतील मधाला कधीही हात लावू नये, आणि मृग लागण्यापूर्वी पंधरा दिवस वरचा मध काढणेही थांबवावे. पेटी मागून किंचित उचलली तर वजनावरून साठा कळतो. हलकी लागली तर साखर व पाणी समभाग घेऊन केलेला पाक सांजवेळी आत ठेवावा. दिवसा ठेवला तर वासाने शेजारच्या वसाहती लुटायला येतात. सालिना पाच ते दहा किलो मध मिळाला तरी सातेरीने हात सैल सोडला असे मानावे.

शत्रूंचा विचार थोडक्यात करू. मुंग्यांसाठी पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. वेडा राघू तारेवर बसून माशा टिपतो, त्याला हुसकावण्यापलीकडे उपाय नाही. गांधीलमाशी दाराशी आली तर सातेरीच तिचा समाचार घेते. शेकडो माशा तिला वेढून आपल्या अंगच्या उष्णतेने गुदमरवून मारतात. रोग मात्र भयंकर. १९९१-९२ च्या सुमारास पिल्लांना होणाऱ्या ‘थाई सॅकब्रूड’ या विषाणुरोगाने दक्षिणेतील सातेरीच्या असंख्य पेट्या ओस पाडल्या. जुनी, काळवंडलेली पोळी दुसऱ्याकडून घेऊ नयेत. शिकून घेण्यासाठी पुण्याची, १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे.

गृहिणींसाठी एक गोष्ट. नवजात बालकाला सोने उगाळून मध चाटविण्याची चाल आपल्यात जुनी आहे. परंतु मधात क्वचित असे जंतुबीज असते की त्याने तान्ह्या मुलाला पक्षाघातासारखा विकार जडतो. एक वर्ष पुरे होईपर्यंत, मध घरच्या पेटीतला असला तरी, मुलाला देऊ नये असे वैद्यकशास्त्र आज निक्षून सांगते.

शेवटचा प्रश्न शेजाऱ्याचा. तुरीला फूल आले की अळीसाठी फवारणी सुरू होते, आणि ती सकाळी झाली तर दुपारी पेटीपुढे मेलेल्या माशांचा सडा पडतो. भोवतालच्या शेतकऱ्यांकडे आश्विनातच एकदा जाऊन यावे. फवारणी दिवस मावळल्यावर करा आणि आदल्या दिवशी निरोप पाठवा, एवढी विनंती करावी. निरोप आला की रात्री दार जाळीने बंद करावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, पेटी सावलीत ठेवून, बंदच राखावे.